नायट्रोजनवाला रामराव

म्हशीच्या मागं उभं राहण्यात रामरावची एकतीस वर्षं गेली आणि त्या कामाबद्दल त्याची बिलकुल तक्रार नव्हती. अंतरवाली सराटीच्या आसपास कुणाची गाय-म्हैस माजावर आली की फोन त्यालाच. मोटारसायकलला नायट्रोजनचा कॅन अडकवून तो जायचा, कॅनमधली गोठवलेली वीर्याची कांडी काढायचा, कोमट पाण्यात धरायचा आणि जनावर भरवून यायचा. लोक त्याला डॉक्टर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता, हे त्याला माहीत होतं, लोकांनाही माहीत होतं, पण कुणी आपणहून म्हणत असेल तर नको कशाला म्हणा!

खुपायचं ते एवढंच. एकतीस वर्षांत त्याच्या हातून काही हजार वासरं-पारड्या जन्माला आल्या. चिठ्ठीवर वळूचा नंबर यायचा, मालकाचं नाव यायचं. ज्यानं खांद्यापर्यंत हात घातला, त्याचं नाव कुठंच न्हाई. "त्या वळूनं जालना जिल्हा डोळ्यानं पाह्यला न्हाई, अन् नाव त्याचं!" असं तो चहाच्या टपरीवर म्हणायचा आणि लोक खो खो हसायचे. तोही हसायचा, पण आतून जाम चिडायचा.

तीन वर्षांमागं दिवाळीला त्याची पुतणी प्रियदर्शनी संभाजीनगरहून आली. ती तिथं कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग शिकत होती. तिनं मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. परदेशातली चार पोरं उघड्या कॉम्प्युटरवर तांब्याचं भांडं बसवून त्यात काहीतरी वाफाळतं ओतत होती.

रामराव ताडकन उठून बसला. "अगं, हा तर नायट्रोजन! अन् हे येडे ओतून कसं राह्यले बघ. एवढी धार लावतात का? निम्मा हवेत गेला की!"

प्रियदर्शनीनं समजावलं. कॉम्प्युटरची चिप ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवली की तापते आणि बंद पडते. पण तिला उणे एकशेऐंशीपर्यंत गार केलं आणि जरा जास्त वीज पाजली, तर ती दुपटीनं-अडीचपटीनं पळते. पळते काही सेकंदच. तेवढ्यात पडद्यावरचा आकडा पकडायचा आणि पाठवून द्यायचा. ह्याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात, जगभर ह्याच्या शर्यती चालतात.

"बक्षीस काय?"

"काही न्हाई, काका. जगाच्या यादीत नाव येतं."

"नाव?" रामरावनं विचारलं. त्या रात्री त्याला झोप लागली नाही.

मंग काय विचारता! जालन्याच्या भंगारवाल्यांकडून त्यानं वीस वर्षांपूर्वीच्या जुन्या चिपा पिशव्या भरभरून आणल्या. लेथवाल्याकडून तांब्याचं भांडं वळवून घेतलं. भोवती बर्फ धरून पाणी आत उतरू नये म्हणून घरातलं व्हॅसलिन गेलं, आंघोळीचे टॉवेल गेले. ग्राफिक्स कार्डांवरही हात मारून झाला. दोन जळाली, वास स्वयंपाकघरापर्यंत आला, आणि त्याची बायको नंदाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "अहो, आता मलाच ओता त्या भांड्यात, म्हंजे मिटलं एकदाचं." पण बघायला मात्र रोज उंबऱ्यात येऊन उभी राहायची. ह्या खेळासाठी त्यानं दुसरा मोठा कॅन पदरच्या पैशानं घेतला होता. कांड्यांच्या कॅनमधला थेंबही तो कधी इकडं वापरायचा नाही. सुट्टीला प्रियदर्शनी आली की बटणं ती दाबायची आणि नायट्रोजन हा ओतायचा.

बघता बघता त्याचं नाव व्हायला लागलं. व्हायलाच पाहिजे! शर्यतीतली पोरं थर्मामीटरकडं बघत ओतायची आणि हा आवाजावर ओतायचा. भांडं तापलेलं असलं की नायट्रोजन चरचरतो, गार झालं की हळूच सुसकारतो. एकतीस वर्षांचा कान होता तो. एकोणचाळिसावी चिप अशी काही निघाली की प्रियदर्शनी खुर्चीतून उडालीच. कारखान्यातून ती बत्तीसशे मेगाहर्ट्झची निघालेली. रामरावनं तिला आठ हजार एकशे एकाहत्तरपर्यंत पळवली. यादीत दोन नंबर! वर फक्त पोलंडचा एक गडी, आठ हजार एकशे चौऱ्याण्णव. ह्या मोसमाची यादी रविवारी संध्याकाळी साडेपाचला बंद होणार होती. एक नंबर हवा असेल तर त्याच्या आत.

गावात अडचण विजेची. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दिवे लुकलुकायचे आणि चिप जागच्या जागी मरायची. रामरावचा दोस्त अंगद टपरीवर जाऊन बसला आणि येईल त्याला म्हणाला, "रविवारी चार ते पाच मोटार बंद. डॉक्टरची पोलंडबरोबर मॅच हाय." पोलंड कुठं आहे ते कुणाला माहीत नव्हतं, पण हरवायचं म्हटल्यावर सगळे एका पायावर तयार झाले.

रविवारी बरोबर चारला गाव गप्प झालं. एक मोटार चालू नव्हती. रामरावनं हातमोजे चढवले, कॅनचं झाकण काढलं, भांडं अर्धं गार झालं, आणि फोन वाजला. वस्तीवरची गोपिकामाय होती.

"डॉक्टर, राणी माजावर हाय हो! रातीपासून हाय म्हनं. मी लग्नाला शहागडला गेल्ते, आत्ता आले अन् बघते तर हे असं. तीनदा भरवली, तीनदा उलटली, डॉक्टर. आता ह्या बारीला न्हाई राहिली तर पोरगा मंगळवारी बाजारात नेतो म्हणून राह्यला. मला दुसरी म्हैस नको वो, मला राणीच पाहिजे."

म्हातारी रडत होती. रामरावनं मनात हिशेब केला. रात्रीपासून म्हणजे वेळ टळत आली होती. आणखी तासभर थांबलं तर कांडी फुकट जाणार. आणि इकडं पाचला मोटारी सुरू होणार. कपाळावर हात मारून तो म्हणाला, "आलो, माय."

"काका, आन् चिप?" प्रियदर्शनी किंचाळली. "मी बटणं दाबू का ओतू?"

नंदाबाई उंबऱ्यातून आत आली. तिनं पदर खोचला, रामरावच्या हातातले मोजे ओढून घेतले आणि म्हणाली, "जावा तुम्ही. तीन वर्षं हेच बघून राह्यले मी. फोन तेवढा चालू ठेवा."

पुढं जे झालं ते गावात अजून सांगतात आणि दर वेळी चार गोष्टी जास्तच सांगतात, पण खरं झालं ते असं. गोठ्यात राणी उभी. रामरावचा डावा हात खांद्यापर्यंत राणीच्या आत, उजव्या हातात कांडी भरलेली लांब नळीची गन. गोपिकामायनं एका हातानं शेपूट धरलेलं आणि दुसऱ्या हातानं फोन रामरावच्या कानाला लावलेला.

"नंदे, आवाज ऐकू दे." फोनमधून चरचर आली. "तापलंय अजून. बारीक धार सोड."

"बारीकच सोडलीय! मला शिकवू नका."

"प्रियदर्शनी, किती?"

"आठ हजार एकशे साठ! काका, एकशे सत्तर!"

"थांब. वाढवू नको. माय, शेपूट वर धर!"

"डॉक्टर, अवो हे कुणाला भरवून राह्यले तुम्ही?"

"दोघींना, माय, दोघींना!"

गन बराबर जागी गेली. रामरावनं श्वास रोखला, घाई न करता कांडी सोडली आणि हात सावकाश बाहेर काढला. राणीनं मान हलवली. ती गाभण राहिली की नाही ते तपासायला तीन महिने होते, पण हात चांगला बसला होता, एवढं त्याला कळलं. मंग त्यानं फोनकडं सगळा कान दिला. चरचर थांबली होती. हळू, एकसारखा सुसकारा येत होता. त्याच्याही हातून इतका एकसारखा कधी निघाला नव्हता.

"आता!" तो ओरडला. "प्रियदर्शनी, आता वाढव! नंदे, धार तोडू नको, अशीच, अशीच सोड, वा रे वाघिणी!"

"एकशे नव्वद! एकशे त्र्याण्णव!" पोरीचा आवाज चिरकला. "सत्त्याण्णव! काका, एकशे सत्त्याण्णव! पकडला! आकडा पकडला!"

गोठ्यात रामराव तसल्या हातानं नाचला. गोपिकामायला काही कळलं नाही, पण तीही हसायला लागली. पोलंडचा गडी तीन मेगाहर्ट्झनं खाली गेला होता.

"काका, जल्दी, नाव विचारून राह्यलेत," प्रियदर्शनी म्हणाली. "नाव एकच चालतं. आणि इथं लिहिलंय, ओतणाऱ्याचं टाका. पण आपण तुमचं टाकू, कुणाला काय कळतंय? सगळं तुम्हीच तर केलं."

रामरावचं तोंड उघडलं. आपलं नाव अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं; तीन वर्षं नव्हे, एकतीस वर्षं ते तिथं थांबलं होतं. फोनमधून नंदाबाईनं कॅनचं झाकण बसवल्याचा आवाज आला. तो आपला हात बघत राहिला. ते एक मिनिट त्याला फार जड गेलं.

"हे बघ पोरी," तो शेवटी म्हणाला, "नंदाबाई रामराव शिंगाडे. असं टाक. पुरं टाक."

"काका! आणि तुम्ही?"

"अगं येडे, मधी मीच हाय की!" आणि तो असा हसला की राणीनं दोन पावलं बाजूला सरकून घेतलं.

थोड्या वेळानं प्रियदर्शनीनं यादी वाचून दाखवली. "एक नंबर, नंदाबाई रामराव शिंगाडे, भारत. दोन नंबर, पोलंड."

गावातल्या मोटारी एकेक करून सुरू व्हायला लागल्या होत्या. त्या आवाजात नंदाबाई काय म्हणाली ते रामरावला आधी ऐकूच आलं नाही. मंग तिनं फोन पुतणीच्या हातातून घेतला.

"अहो, ऐकलं का? माझं नाव रेशनकार्ड सोडून कुठंच नव्हतं हो," ती म्हणाली. मंग पुतणीला म्हणाली, "परत वाच गं. मोठ्यानं वाच."