परत आलेल्या सिस्टरचं काय करायचं?

सिस्टर वर्षभरासाठी परदेशातल्या निर्वासितांच्या छावणीत गेली ती मुलांसाठी. असं तिने निवड करणाऱ्यांना सांगितलं, घरी सांगितलं, आणि विमानात शेजारी बसलेल्या, काहीही न विचारणाऱ्या माणसालाही सांगितलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं असं, की घरात आपली कुणाला किंमत नाही याबद्दल तिची खात्री पटली होती, आणि आपण एक वर्ष नसलो की सगळ्यांचे डोळे खाड्कन उघडतील असा तिचा होरा होता. लढाईतून जीव घेऊन पळालेल्या लोकांचं दुःख आणि रोज सकाळी ‘माझे मोजे कुठे आहेत’ विचारणारा नवरा, या दोन्हींवर तिने एकच इलाज शोधून काढला होता.

तिला सगळे सिस्टरच म्हणत. शहरातल्या मोठ्या सरकारी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डची ती प्रमुख. तिचा आवाज आला की रडणारी मुलं गप्प व्हायची आणि शिकाऊ डॉक्टर रडकुंडीला यायचे. घरी नवरा, तो वीज खात्यात बिलांच्या तक्रारी ऐकायच्या खिडकीवर बसे, त्यामुळे त्याला कशाचाच राग येत नसे. एक मुलगी, कॉलेजात जाणारी. आणि सासूबाई, गुडघ्यांमुळे दिवसभर खुर्चीत. गुडघ्यांना संपूर्ण विश्रांती द्यायची, हा हुकूम सिस्टरचाच.

छावणी सीमेलगतच्या उघड्या माळावर होती. तंबूंच्या रांगा, मधे पाण्याच्या टाक्या आणि एका टोकाला ताडपत्रीखाली मुलांचं इस्पितळ. तिथे सिस्टरने काम चोख केलं हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण ती स्वतःबद्दल सांगायला लागली की ऐकणाऱ्याला वाटतं, ही बाई तिथे नुसता गोंधळ घालायला गेली होती. हाडांचा सापळा होऊन आलेली मुलं तिने चमच्या-चमच्याने दूध पाजून उभी केली. काही उभी राहिली नाहीत. त्यांच्याबद्दल ती बोलत नसे.

बोलायची ती फजितीबद्दल. तिथली भाषा तिला येत नव्हती आणि दुभाष्याचं काम करायचा एक शिंपी. पहिल्याच आठवड्यात तिने त्याच्याकडून एक वाक्य घोकून घेतलं, ‘घाबरू नका, मी इथेच आहे.’ मग वर्षभर ती प्रत्येक आईच्या खांद्यावर हात ठेवून, आवाजात जमेल तेवढी माया आणून ते म्हणत आली. आया डोळे पुसता पुसता हसायच्या. सिस्टरला वाटायचं, काय जादू आहे आपल्या आवाजात! परतायची वेळ आली तेव्हा मात्र शिंप्याला राहवेना.

“सिस्टर, रागावणार नसाल तर एक सांगू? तुमचा एक उच्चार पहिल्यापासून चुकतोय.”

“मग अर्थ काय होतो?”

“घाबरू नका, मीही इथे अडकलेय.”

सिस्टर मटकन खोक्यावर बसली. “वर्षभर मी हे म्हणतेय? आणि तुम्ही सांगितलं नाहीत?”

“सांगणार होतो हो. पण बायकांना ते आवडायला लागलं. शेजारच्या रांगेतल्यासुद्धा ऐकायला यायच्या. म्हणायच्या, ही एकटीच खरं बोलते.”

निरोपाच्या दिवशीची कथाही अशीच. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तिने मनातल्या मनात तो प्रसंग कितीदा तरी रंगवला होता. आया रडताहेत, मुलं पदराला, म्हणजे ॲप्रनला, लोंबकळताहेत, आणि आपण कशाबशा जीपमध्ये चढतोय. प्रत्यक्षात सगळे चहाला जमले, सिस्टर घसा खाकरून उभी राहिली, आणि फाटकातून दुधाच्या पावडरीचा ट्रक आत आला. दोन आठवडे रखडलेला ट्रक. बघता बघता तंबू रिकामा झाला. सिस्टर क्षणभर चहाच्या कपांपुढे एकटी उभी राहिली आणि मग तीही धावली. ठेवणीतला ड्रेस घालून, सगळ्यांच्या रांगेत उभी राहून तिने खोकी उतरवली. एक खोकं फुटलं ते नेमकं तिच्या अंगावर. जीपचा हॉर्न वाजला तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झाली होती. जी माणसं तिला हात करत होती त्यांच्याही काखेत खोकी होती, त्यामुळे हात काही नीट वर जात नव्हते.

विमानात बसल्यावर तिने घराचं चित्र रंगवायला घेतलं. जळमटं. ओट्यावर भांड्यांचा ढीग. खंगलेला नवरा दारात उभा राहून म्हणतोय, ‘तू होतीस म्हणून घर होतं गं.’ ती काय उत्तर देणार तेही ठरलं होतं. काहीच नाही, नुसत्या बाह्या सरसावणार होती.

दार उघडलं तर घर लखलखीत! सिस्टरच्या काळजाला पहिला चरा पडला तो तिथेच. नवऱ्याचं वजन वाढलेलं होतं. खिडकीत कुंड्या आल्या होत्या आणि त्या चक्क जिवंत होत्या. खुर्ची होती, पण खुर्चीत सासूबाई नव्हत्या.

“आई कुठायत?” तिने घाबरून विचारलं.

“बाजारात,” नवरा म्हणाला. “येतील एवढ्यात.”

सासूबाई आल्या, जिना चढून, दोन्ही हातांत पिशव्या. “आलीस? बरं झालं. वाळलीस गं,” असं म्हणून त्यांनी तिच्या गालावरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाल्या, “आज भात तू लाव, भाजी मी बघते.” मोज्यांचा पत्ता न लागणारा माणूस उठला आणि भात लावायला गेला. सिस्टर चहा करायला उठली तर साखर सापडेना. चहापूड सापडेना. शेवटी मुलीने तिला हाताला धरून स्वयंपाकघर दाखवलं, नव्या भाडेकरूला दाखवतात तसं.

पुढचे काही दिवस घराने तिला सोसलं. पहाटे ती सगळ्यांच्या पलंगांशेजारून फेरी मारायची आणि झोपेत असलेल्यांची नाडी बघायची. नवऱ्याने पाणी वाहतं सोडून दाढी केली की तिचं सुरू व्हायचं, “तिथे एवढ्या पाण्यात एक कुटुंब दिवस काढतं.” मुलीने पानात भात टाकला, तिथे. सासूबाईंनी दिवा चालू ठेवला, तिथे. शेवटी मुलगी हात जोडून म्हणाली, “आई, ‘तिथे’ हा शब्द दिवसाला तीन वेळाच वापरायचा. कोटा संपला की गप्प.” सिस्टरचा कोटा नाश्त्यालाच संपायचा.

रागाने नव्हे, पण तिला खरंच कळेना की आता आपलं करायचं काय. तिथे सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी हाक मारायचं. इथे हाक मारायची गरजच कुणाला उरली नव्हती. डोळे उघडले होते ते तिचेच.

रजा संपली तशी ती इस्पितळात हजर झाली. तिथे तरी आपलं राज्य असेल म्हणून छाती फुगवून वॉर्डात शिरली, तर तिच्या जागेवर बसलेली धाकटी सिस्टर उठून म्हणाली, “या ना मॅडम, बसा, चहा घेणार?” स्वतःच्याच वॉर्डात पाहुणचार झाला की माणसाने काय ते समजावं. सिस्टर चहा घेत असताना वॉर्डातली जुनी मावशी फरशी पुसत जवळ आली.

“आजींची छाती कशी आहे आता? खोकला गेला का?”

“कुठल्या आजी?”

“तुमच्या सासूबाई हो. वरच्या मजल्यावर होत्या ना हिवाळ्यात. नुमोनिया. ऑक्सिजन लावला होता की. साहेब बाकावर बसून असायचे बिचारे.” मावशीने मान वर करून बघितलं आणि तिचा पोछा थांबला. “तुम्हाला ठाऊक नव्हतं?”

सिस्टरने कप खाली ठेवला. मग त्या दिवशी तिने काय काम केलं ते तिला आजही आठवत नाही.

घरी आली ती चपला न काढता. नवरा भाजी निवडत बसला होता.

“आईंना ऑक्सिजन लावला होता?”

नवऱ्याने हातातली जुडी बाजूला ठेवली. “बस तू आधी.”

“बसत नाही. मी नर्स आहे! माझ्याच इस्पितळात, माझ्याच डोक्यावरच्या मजल्यावर माझी सासू तडफडते आणि मला फोनवर काय ऐकवता, ‘इकडे सगळं ठीक आहे’? मी कोण आहे या घरात?”

“सांगणार होतो गं. त्या रविवारी तेच सांगायला फोन केला होता. तू फोन उचललास आणि बोललीसच नाहीस. नुसती रडत होतीस. किती वेळ. मग म्हणालीस, ते नुकतं दूध घ्यायला लागलेलं बाळ गेलं. मी त्यावर काय सांगायचं होतं? आईला दाखल केलंय म्हणून?”

सिस्टरला तो फोन आठवला. आणि त्याहून स्पष्ट आठवलं ते हे, की फोन ठेवल्यावर आपण मनात म्हणालो होतो, काय कोरडा माणूस आहे, शब्दसुद्धा फुटत नाही याच्या तोंडातून. तेव्हा तो कोरडा माणूस इस्पितळाच्या बाकावरून बोलत होता. ती बसली. चपला काढल्या. मग समोरची भाजी ओढून निवडायला लागली, कारण हातांना दुसरं काही सुचेना. देठ टोपलीत आणि पानं कचऱ्यात जाताहेत हे नवऱ्याच्या लक्षात आलं, पण त्याने तिला निवडू दिलं.

आतून सासूबाई आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“त्याला बोलू नकोस. मीच म्हटलं, तिला कळवू नका. तू आली असतीस धावत.”

“आलेच असते!”

“हो ना. आणि मला पलंगावरून हलू दिलं नसतंस. मोठे डॉक्टर म्हणाले, आजी, चाला. चालाल तर छातीही मोकळी होईल आणि गुडघेही. वर विचारतात कसे, बसून राहायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?”

सिस्टर घाबरून म्हणाली, “मग तुम्ही काय सांगितलंत?”

“म्हटलं, होतं कुणीतरी. ओळखीतलंच.”

मुलगी दारात उभी होती, ती आधी फिसकन हसली. मग नवरा. सिस्टरला रडायचं होतं, तयारीही होती, पण तिचंही हसू फुटलं आणि दोन्ही एकदमच होऊन बसलं. सासूबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि कचऱ्यातली पानं वेचून परत टोपलीत टाकायला घेतली.

त्यानंतर लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. वॉर्डात तिला जागा परत मिळायला वेळ लागला, तोवर ती लसीकरणाच्या खोलीत बसून टोचून घेणाऱ्या मुलांच्या शिव्या ऐकत राहिली. घरी तिला स्वयंपाकाची पाळी मिळाली, आठवड्यातून दोनदा. पहिल्याच पाळीला तिने अख्ख्या छावणीला पुरेल एवढा भात केला. नाडी बघायची सवय मात्र मुलीने मोडली. एका पहाटे सिस्टर पलंगाशी आली तर मुलीनेच तिचं मनगट पकडलं आणि म्हणाली, “जरा जलद आहे. जा, झोप.”

आणि ती सासूबाईंबरोबर सकाळी फिरायला जायला लागली. आपण त्यांना आधार द्यायला चाललोय, अशी तिची समजूत पहिल्या वळणापर्यंत टिकली. सासूबाईंची चार-पाच मैत्रिणींची टोळी होती आणि ती टोळी वाऱ्यासारखी चालायची. सासूबाईंनी ओळख करून दिली, “ही माझी सून. बाहेरगावी होती.” लढाई, सीमा, छावणी, सगळं एका ‘बाहेरगावी’त बसलं. सिस्टर बोलायला गेली, पण तिला धाप लागली होती.

बागेच्या कडेला ती बाकावर टेकली. टोळी पुढे गेली, सासूबाई मात्र थांबल्या आणि शेजारी बसल्या.

“ते बाळ,” सासूबाई म्हणाल्या, “मुलगा होता का मुलगी?”

“मुलगी.”

“आई होती तिला?”

“नव्हती. आजी होती. तीच आणायची कडेवर घेऊन.” सिस्टर जमिनीकडे बघत बोलत होती. हे तिने अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. “शेवटचे दोन दिवस आम्ही दोघींनी आळीपाळीने दूध पाजलं. घेत होती हो, आई. चांगली घेत होती. मला वाटलं, ही राहते.”

सासूबाईंनी मान हलवली. मग विचारलं, “आणि ती आजी? तिचं कोण बघतं आता?”

“ती गेलीच नाही परत तंबूत. इस्पितळातच राहिली. दुसऱ्यांच्या मुलांना दूध पाजते. मी निघाले तेव्हा खोकी उतरवायलाही सगळ्यांत पुढे तीच होती. माझ्यावर तर सारखी ओरडायची. मी चमचा तोंडात भराभर रिकामा करते म्हणून.”

“बरोबरच बोलायची,” सासूबाई म्हणाल्या. “तुला घाई फार.”

सिस्टरने त्यावर काहीतरी सडेतोड उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सासूबाई उठून चालायलाही लागल्या होत्या, आणि त्यांना गाठायचं तर तिला पळावंच लागणार होतं.