सागाच्या घरात बांबू

पावसाळी हवेत वरची खोली पुसली, की ओल्या गवतासारखा मंद वास उठतो आणि मला सासऱ्यांशी झालेला तो वाद आठवतो. अमरावतीच्या आमच्या घरावर कथकच्या वर्गासाठी खोली चढवली, तेव्हा मुलींच्या पायांना फरशीचा मार बसू नये म्हणून लाकडी फ्लोअरिंग करायचं ठरलं. सासऱ्यांची खालीच सागवानाची वखार. त्यांनी फळ्याही निवडून ठेवल्या होत्या. मी दाबून घट्ट केलेल्या बांबूच्या पट्ट्या घालायच्या म्हणाले, तसा त्यांचा चेहरा उतरला. "घरात बांबू कावून अंथरतं वं? बांबूवर माणूस मेल्यावर निजते." मी म्हटलं, "मामाजी, माह्या लग्नाचा मांडव बी बांबूचाच होता. त्याच्याच खालून तुमी मले घरात आणलं. अन् साग तयार व्हायले माणसाचा जन्म जाते, बांबू चार-पाच वर्षांत तयार होते." फ्लोअरिंग झालं त्या दुपारी सासरे हातोडा घेऊन वर आले आणि कोपऱ्यात एक सणसणीत घाव घातला. त्यांनी वाकून बोट फिरवलं. खळगा पडला नव्हता. तसेच खाली गेले. संध्याकाळी मुलींनी पायांच्या ठेक्याचा पहिला तत्कार धरला आणि जिन्यातून त्यांचा आवाज आला, अंजनगावहून फळ्या घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "वर चला, आमच्या सुनेनं बांबू घातला, पाहून घ्या. सागापेक्षा टणक हाये." जन्मभर साग विकलेल्या माणसाच्या तोंडचं ते वाक्य आठवलं, की आजही नव्या मुलींना शिकवताना माझा पाय जरा जास्तच जोरात पडतो.