पैलवानाचं भिंग

पावणं, एक सांगा. डोक्यावर चढवायचं भिंग घेताना विश्वास कुणावर ठेवायचा? डब्यावरच्या आकड्यावर, माझ्यासारख्या विकणाऱ्यावर, की स्वतःच्या मानेवर?

गुजरीत, म्हणजे सोनारांच्या पेठेत, माझं त्यांच्या हत्यारांचं दुकान. आमच्या गल्लीत झारेकरी रस्त्याची माती धुऊन सोन्याचे कण काढतात. माझ्या दुकानातही रोज झाडलं तरी फटीत काही ना काही उरतंच. फक्त ते सोनं नसतं, किस्से असतात! त्यातले निम्मे एकट्या संभा पैलवानाचे.

*

संभा पैलवान कळंब्याचा. कुस्ती सोडली आणि ट्रक घेतले. तमिळनाडूत एका सिमेंटच्या खाणीवर मुकादमानं त्याला टाकाऊ ढिगातला एक दगड दिला. त्यातून मेंढ्याच्या शिंगासारखा वळसा डोकावत होता. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातला शंख, दगड झालेला. जीवाश्म! पैलवानानं गावच्या शाळेला तिथल्या तिथं शब्द देऊन टाकला, "पोरांस्नी अख्खा शंख मोकळा करून देतो." आणि थेट माझ्याकडं आला.

"अण्णा, सगळ्यात मोठं दाखवणारं भिंग काढा. दहापट!"

आमचा एक नियम आहे. भिंगाचा हेडसेट डोक्यावर चढवायचा, चहा मागवायचा, आणि चहा संपेपर्यंत तो उतरवायचा नाही. मान अवघडली, गरगरलं, तर तो हेडसेट आपला नव्हे. पैलवानानं दहापटीचं भिंग चढवलं, ग्लास धरायला हात घातला, तो थेट गरम चहात!

"आयला! ग्लास कुठं गेला?"

"तो जागेवरच आहे. भिंग जेवढं मोठं दाखवणार, तेवढं नाक वस्तूला टेकवायचं. मग सुई धरायला जागा कुठं?"

बोट झाडत पैलवान म्हणाला, "मग दोनच पट द्या. पर चहा दुसरा सांगा."

शेवटी अडीचपटीवर तोडगा निघाला.

*

आधी त्याला चष्म्यासारखं, कानावर बसणारं दाखवलं होतं. वजनाला हलकं. पण कुस्तीत मोडलेले कान! दांडी टिकेचना. मी म्हटलं, "पैलवान, ह्या कानांवर न्हाय बसायचं."

"व्हय? ह्याच कानांकडं बघून सासऱ्यानं पोरगी दिली, आणि तुमचा चष्मा नगं म्हणतोय!"

मग डोक्याला पट्टा असलेलं दिलं. पट्ट्याची शेवटची खाच लागली.

*

दर रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत दगड साफ करायला तिघं बसू लागलो. पैलवान, मी आणि दातांच्या डॉक्टर मगदूम बाई. बाईंचं भिंग स्वतःचं, दवाखान्यातलं. दात कोरायच्या सुया घेऊन त्या दगडावर वाकल्या, की सवयीनं म्हणायच्या, "दुखलं तर हात वर करा हं."

आणि शेजारी बसलेला पैलवान इमानानं हात वर करायचा!

*

एकदा दगडाची कपची उडाली ती टण्णदिशी पैलवानाच्या भिंगावर. डोळा वाचला, काचेवर ओरखडा आला. मी नवी काच काढली.

"ऱ्हाऊ द्या की. आखाड्यात उतरलाय गडी, अंगावर वळ नगं?"

एवढा आडदांड माणूस, पण सुई हातात आली की श्वाससुद्धा बेतानं सोडायचा. एका रविवारी संध्याकाळपर्यंत निघाला तो चिमूटभर भुगा. मी म्हटलं, "एवढंच?"

"घाई केली की आपुनच चित, अण्णा."

सोनारांचे हात बघण्यात माझा जन्म गेलाय. असा हात क्वचित बघितला.

*

शंख मोकळा झाला, आणि कळलं, एका बाजूचा तुकडाच नाही. खाणीतच घाव बसून उडालेला. पैलवानानं सुई खाली ठेवली. शब्द तर अख्ख्याचा दिलेला!

बाई म्हणाल्या, "माझं काम काय आहे मग?" दात भरायच्या मसाल्यानं त्यांनी खड्डा भरला, वळशाच्या रेघा कोरल्या, रंग जुळवला. दुकानातलं सगळ्यात भारी भिंग लावूनही मला सांधा सापडेना. पैलवान मात्र बराच वेळ बघत बसला. दगड पोत्यात गुंडाळून घरी घेऊन गेला.

शाळेतला कार्यक्रम. पोरं दाटीवाटीनं बसलेली. पैलवानानं कापड काढलं, आणि करड्या शंखावर हा एवढा लालभडक पट्टा! बाईंचं काम खरवडून त्यानं तिथं तालमीतली लाल माती डिंकात कालवून भरली होती.

"पैलवान! रंग जुळवायला माझे दोन रविवार गेले!" बाई ओरडल्याच.

हेडमास्तर पैलवानाच्या कानाशी येऊन कुजबुजले, "अहो, ते दिसतंय! अख्खा देतो म्हणाला होतात."

"म्हणालतो की. पर कुस्ती बरोबरीत सुटली, तर गुलाल कसा उधळायचा, सर?"

मग माझ्याकडं वळला. शंखाखाली ठेवायच्या पाटीवर मी 'अख्खा' एवढं लिहून बसलो होतो.

"ते पुसा, अण्णा. लाल तेवढा आमचा, बाकीचा त्या समुद्राचा. हिशोब चोख ठेवा."