हातावरची सूज

चौथीत असताना अंबरनाथच्या आमच्या शाळेत क्षयाची तपासणी करणारं पथक आलं. कोपराखाली हातात एक बारीक सुई टोचली आणि तीन दिवसांनी मोजायला येऊ म्हणाले. मोजायला! आम्हा मुलींना हा शब्द पुरेसा होता. टोचल्या जागी जिची गाठ मोठी तिचा पहिला नंबर, हे आम्ही परस्पर ठरवून टाकलं.

माझ्या बाकावर निर्वासितांच्या कॅम्पातून येणारी एक सिंधी मुलगी होती. "देख, मेरा बडा होणार!" ती रोज बाही वर करून दाखवायची. मी काय कमी? न्हाणीघरात बसून नारळाच्या शेंडीने हात चोळचोळ चोळला. तीही घरी काहीतरी चोळतच असणार, कारण तिसऱ्या दिवशी दोघींचे हात डाळिंबासारखे लाल झाले होते.

मोजणाऱ्या माणसाने लालीकडे बघितलंही नाही. अंगठ्याने चाचपून आतली टणक सूज तेवढी पट्टीने मोजली. माझ्या मैत्रिणीच्या हातात काहीच सापडलं नाही, म्हणून तिला क्षयाची लस टोचली आणि ती भोकाड पसरून रडली. माझी सूज चांगली भरली. मला लस नको, म्हणाले आणि कार्डावर सुजेचं माप आणि 'क्षय तपासणी: होकारार्थी' असं लिहून दिलं. मी जिंकले होते! कार्ड नाचवत घरी आले.

आईने कार्ड दोनदा वाचलं आणि ओटीकडे बघितलं. आमच्या घरात तेव्हा आत्या होती. क्षयातून बरी होऊन ती आरोग्यधामातून आली, त्याला दोन महिने झाले होते. तिचं ताट वेगळं, बसणं ओटीवर, स्वयंपाकघरात पाऊल नाही. आणि मी तर शाळेतून आले की गोष्टी ऐकायला तिच्याच मांडीला चिकटलेली. आई बाबांना म्हणाली, "पोरीला लागलाच शेवटी. वन्संना आपल्या खरवईच्या मळ्यात ठेवा. रविवारी गाडी सांगा."

मळ्यात एक खोली होती आणि एक म्हातारा राखणदार, बस. बाबा गाडी सांगायला गेले. ओटीवर आत्याला सगळं ऐकू गेलं. तिने लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. मला आईचा असा राग आला की मी जेवलेच नाही. शेंडीने चोळल्याचंही सांगून टाकलं, पण कोण ऐकतंय!

दुसऱ्या दिवशी आई मला ओढत दवाखान्यात घेऊन गेली. पथकातले डॉक्टर तिथेच होते. त्यांनी माझी छाती तपासली, वजन केलं आणि हसले. "बाई, तुमची मुलगी ठणठणीत आहे. गल्लीतला कुत्रा एकदा चोराला बघतो, मग पुढच्या वेळी नुसत्या वासानेही भुंकतो की नाही? शरीराचंही तसंच. हिच्या शरीराने हा जंतू कधीतरी बघितलाय आणि दाबून ठेवलाय. आम्ही टोचलं तो चोर नव्हे, चोराचा सदरा. ही सूज म्हणजे भुंकणं."

"पण आणला कोणी? आमच्या वन्संनीच ना?"

"त्यांची थुंकी तपासली होती?"

"हो, तीनदा. काही निघालं नाही म्हणे."

"मग त्यांच्यावर कशाला ढकलता? बाजारात, गाडीत, कुठेही भेटतो तो. तुम्हीसुद्धा टोचून घ्या."

आईने ताठ मानेने हात पुढे केला. ती कोणाचं उष्टं पाणी पीत नसे, आत्याजवळ चार हातांच्या आत जात नसे. आपल्या हातावर काही उठणार नाही याची तिला पक्की खात्री होती.

रविवारी सकाळी ओटीवर आत्या वळकटी बांधून बसलेली, दारात बैलगाडी उभी, आणि आई दवाखान्यात हात मोजून घ्यायला गेलेली. मी दोन्ही हातांनी वळकटीचा दोर धरून बसले होते. आई आली ती थेट आत्यासमोर उभी राहिली. चार हात वगैरे काही नाही. पदराखालचा हात तिने पुढे केला. माझ्याहून मोठी सूज!

"बघा वन्सं," आई म्हणाली. तिचा चेहरा कसानुसा झाला होता. "डॉक्टर म्हणतात, ही पुष्कळ जुनी ओळख असेल. माहेरची असेल नाहीतर कुठली. तुम्ही यायच्या आधीचीच."

आत्याने सूज बघितली, मग आईकडे बघितलं आणि म्हणाली, "मग वहिनी, मळ्यात तुम्हीही येताय की काय?"

आईला हसू आवरेना. हसता हसताच डोळे पुसून तिने गाडीवानाला परत पाठवलं. "चला आत. कणीक भिजवलीय, पोळ्या लाटा. माझा हात दुखतोय."

आत्याने कितीतरी वेळ हात धुतले. मग ती आत गेली आणि चुलीपाशी आईला खेटून बसली. सवय मोडलेली होती, त्यामुळे पोळ्या जाड आणि वेड्यावाकड्या झाल्या. आईने पहिली पोळी तव्यावरून काढली आणि तिथल्या तिथे, नुसतीच, गरम गरम खाल्ली.