साबणदाणीचं पिक
घाटकोपरच्या फूटपाथवर काल एक गुलाबी साबणदाणी दिसली आणि भांडुपच्या कारखान्याचं बंद गेट डोळ्यांपुढं उभं राहिलं. संप लांबला होता, माणसं थकली होती, आणि त्या सकाळी काहीजण कामावर परतणार अशी कुणकुण होती. त्यांना थोपवायला आमचं कलापथक गेटासमोर गाणार होतं. समोरच्या टपरीतून वीज घेतली होती. माझ्याकडं उसनी बास गिटार होती आणि ती मी उजव्या हाताच्या दोन बोटांनीच वाजवायचो. पिकनं, म्हणजे प्लॅस्टिकच्या छोट्या चकतीनं, तारा छेडणं मला बाजारू वाटे. "कष्टकऱ्यांची गाणी हातानंच वाजली पाहिजेत," मी ठणकावायचो. आमची गायिका हसायची. "कामगार काय नुसत्या हातानं लोखंड कापतो? त्याला हत्यार लागतंच ना रे!" तिनं घरची साबणदाणी कापून माझ्यासाठी तिकोनी पिक बनवलंही होतं. आम्ही गायला लागलो आणि मालकानं आतल्या कर्ण्यावर सिनेमाची गाणी लावली. माझा ठेका त्यात बुडाला, तिचा ताल चुकला, कुणीतरी फिदीफिदी हसलं, आणि डबे घेतलेली चार माणसं गेटाकडं सरकली. तिनं पिक माझ्यापुढं धरलं. "घे. तुझं तत्त्व नंतर वाजव!" मी घेतलं. तारा खणखणल्या, गर्दीनं टाळ्यांचा ठेका धरला आणि ती माणसं थांबली. त्या दिवशी कुणीच आत गेलं नाही. पुढं हळूहळू सगळेच कामावर गेले, कलापथकही मोडलं. पण काल त्या साबणदाणीपुढं उजव्या हाताची दोन बोटं शिवशिवायला लागली. तिनं सांगितलेलं 'नंतर' अजून आलेलंच नाही.