तळ्याला आंबील

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं असेल आणि अक्षर तर चिमण्या चिखलात नाचून गेल्यासारखं आहे, त्याची आधीच माफी मागते. शाळा चौथीपर्यंतच झाली. चारचौघांत माझ्या तोंडातून शब्द फुटत नाही, म्हणून मनात साठलेलं दुपारच्या वेळी असं लिहून काढते. पण एक गोष्ट मी छातीठोक सांगते. साऱ्या धाराशिव जिल्ह्यात गावचं तळं आटावं म्हणून मारुतीला नारळ फोडणारा माणूस एकच आहे, आणि ते माझे चुलत सासरे.

आम्ही सुना त्यांना मामा म्हणतो आणि चुलत सासूला आत्या. त्यांची आणि आमची भिंत एक. गावाच्या वरच्या अंगाला, दोन टेकड्यांच्या मधे, आज जिथं तळं आहे तिथं मामांचं रान होतं. मामा सांगतात, त्या रानात काठी रोवली तर तिला पानं फुटायची. आत्या म्हणतात, "काठीला फुटली असतील, ज्वारीला कणसं बेताचीच असायची." मोठ्या दुष्काळात सरकारनं तिथं तळ्याचं काम काढलं तेव्हा मामांचं नुकतंच लग्न झालेलं. सगळ्या गावाबरोबर तेही धरणाच्या भिंतीवर मातीच्या पाट्या टाकायला जायचे. साहेबानं हात करून सांगितलं होतं, पाणी त्या चिंचेपर्यंत येईल. चिंच मामांच्या रानाच्या खालच्या कडेला. मामा समजले बुडापर्यंत, म्हणजे आपलं रान वाचलं. साहेबाच्या मनात चिंचेचा शेंडा होता. "बुडापर्यंत का शेंड्यापर्यंत, येवढंच इचारायचं राहिलं बघ," असं मामा अजून सांगतात, "आन् माझं रान बुडवायला सगळ्यात जास्ती पाट्या म्याच टाकल्या. मुकादमानं शाबासकी दिली."

पुढं सरकारनं रानाच्या भरपाईचा मावेजा दिला, त्याची मामांनी बैलजोडी आणली. कळंबच्या बाजारातली सगळ्यात देखणी जोडी. नांगरायला रान कुठं होतं? वरचा माळ तेवढा उरला होता, तिथं नांगराचा फाळ दगडावर वाजायचा. मग मामा बैलांना झूल घालून तळ्याच्या भिंतीवर नेऊन उभे करायचे आणि पाणी दाखवायचे. कुणी हसलं तर म्हणायचे, "निस्तं बघू द्या त्यास्नी. वळख राहती." ते बैल म्हातारे होऊन गेले, पण त्यांनी रान काही पाहिलं नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, हे म्हातारं माणूस रोज हवा खायला तळ्यावर जातं. मग एकदा सरपणाला गेले तर मामा भिंतीवर उभं राहून गोफण फिरवत होते आणि पाण्यातले पाणकावळे उठवत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "माझ्या रानात बसलेत. पलीकडं बसू दे की, त्याला कोन नको म्हनतंय." मी पदर तोंडावर ओढला आणि लाकडं तशीच टाकून घरी पळाले. पाहुण्यांना रस्ता सांगायचा तर मामा पाण्याखालच्या खुणा सांगायचे. आत्याच्या भाच्याच्या लग्नाला आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी फोनवर सांगितलं, ढोकीकडून येताना चिंचेला वळसा घाला. तो बिचारा फटफटी घेऊन थेट गाळात रुतला, आणि मांडवात आला तो गुडघ्यापर्यंत काळा होऊन.

तळ्यात मासे धरणारा एकजण होता, त्याच्याकडं मामा वाटा मागायचे. "जाळं कुठं टाकलं व्हतंस? माझ्या रानात ना? मग माझ्या रानातला मासा हाय." मामा माळकरी, घरात कांदा चिरायचा तरी दार लावून. पण वाटा घ्यायचाच. वैतागून तो दोन मासे हातावर ठेवायचा. मामा ते धोतराच्या सोग्यात घेऊन काठाकाठानं चालत जायचे आणि आपल्या रानाच्या अंदाजानं पाण्यात सोडून द्यायचे. तो माणूस मला एकदा म्हणाला, "वहिनी, त्यांना सांगा की, मासा एका रानात राहत न्हाय." मी मान हलवली. मामांना मी काय सांगणार? त्यांच्यासमोर माझा आवाज कधी निघालाच नव्हता.

पण मामांचा खरा जीव अडकला होता तो त्यांच्या बांधकऱ्यात. बांधकरी म्हणजे ज्यांचं रान मामांच्या रानाला लागून होतं ते. तेही पाण्याखालीच गेलेलं. दोघांत बांधावरून भांडण होतं, त्यांच्या बापांपासूनचं. बांधावर पाणी चढलं, वर मासे फिरायला लागले, भांडण काही मिटलं नाही. दोघं म्हातारे दिवस कलल्यावर भिंतीवर शेजारी बसायचे, एकमेकांची तंबाखू खायचे आणि पाण्याकडं बोट करून भांडायचे.

"तुझ्या बापानं बांध कोरला."

"तुझ्या बापानं खुणेचा दगड सरकवला."

"चल मग, दाखव दगड."

"उतर की पान्यात. म्या हितं धोतर धरून बसतो."

कुणाला बरं नसलं की दुसरा घरी जाऊन उंबऱ्यात बसायचा आणि तिथं भांडायचा.

गावात पाऊस पडला की सगळे अंगणात यायचे, मामा मात्र वाकळ ओढून झोपायचे. तळ्यावर उसासाठी मोटारी बसल्या, रात्रंदिवस पाणी उपसायला लागल्या, तेव्हा लोक कुरकुरले. मामा एकटे खूश. मोटारींजवळ जाऊन, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा त्यांच्यावरून हात फिरवायचे. "वढा, वढा," म्हणायचे. आत्या कपाळावर हात मारून घ्यायच्या.

आणि येळवस. आमच्याकडं येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेला, सगळं गाव आपापल्या रानात जातं. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, आत पाच दगडांना चुना लावून पाच पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, खीर खायची आणि रानाच्या चारी कडांनी आंबील शिंपडत फिरायचं. मामांचं रान पाण्यात, त्याच्या कडेनं फिरायचं कसं? म्हणून मामा अख्ख्या तळ्याला फेरा घालायचे. डोक्यावर घोंगडं, खांद्यावर आंबिलाची बिंदगी म्हणजे छोटी घागर, "ओलगे ओलगे" म्हणत. आंबील निम्म्या वाटेतच संपायचं. मग आत्या मला हाक मारायच्या, "अगं, तुझ्या घरचं उरलंय का? तिकडं म्हसोबाजवळ अडलेत." मी भरलेली बिंदगी घेऊन जायची, दगडावर ठेवायची आणि मागं सरून उभी राहायची. मामा पाण्याला आंबील देत पुढं जायचे. दर वर्षी परत आल्यावर एकच बोलायचे, "मरायच्या आदी एक येळवस माझ्या रानात व्हावी. दुसरं काय मागत न्हाय म्या."

परवाच्या वर्षी पावसानं पाठ फिरवली. मोटारी चालूच होत्या. दसऱ्याला तळ्यात डबकी राहिली, दिवाळीला तीही गेली. मासे धरणारा जाळं गुंडाळून पोट भरायला दुसरीकडं गेला. गावातल्या विहिरी तळ्याच्या पाझरावर, त्या एकेक करून आटल्या. आमच्या विहिरीत बादली टाकली की दगडाचा आवाज यायचा. म्हशी विकल्या. टँकर सुरू झाला, आणि आम्ही बायका ऊन खात रांगेत उभ्या राहायला लागलो. रांगेतून मामा गेले की कुणीतरी बोलायचंच. "झालं न्हवं मनासारखं?" "मामा, नारळ कुठल्या मारुतीला फोडला, त्याला सांगा आता बास." एक म्हातारी तर म्हणाली, "तुमच्या रानापायी आमचं नरडं वाळलं बगा."

मामा खाली मान घालून पुढं जायचे. ते तळ्यावर जायचेच बंद झाले. ज्या माणसानं एवढी वर्षं पाण्याकडं बोट केलं, तो आता रान उघडं पडल्यावर भिंतीला पाठ लावून घरात बसला. जेवण कमी झालं. आत्या म्हणाल्या, "अवं, जावा की. आता तर चालत जाता येतंय." मामा म्हणाले, "लोकाच्या घागरी रिकाम्या करून कसली येळवस?"

येळवसेच्या दिवशी सकाळी मी टँकरच्या पाण्यात आंबील केलं, थोडंच. भिंतीपलीकडून आत्यांचा रडण्याचा आवाज येत होता. माझं मलाच कळलं नाही, मी बिंदगी डोक्यावर घेऊन मामांच्या दारात जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "मामा, चला. तुमच्या नारळानं पाऊस गेला नाही."

मामांनी वर पाहिलं. आत्यांना म्हणाले, "हिला बोलता येतंय व्हय?" आणि काठी घेऊन उठले. आत्यांनीही डोळे पुसून जेवणाची पाटी उचलली.

वाटेत बांधकरी भेटले, तेही काठी टेकत निघाले होते. आम्ही चौघं तळ्यात उतरलो. मामा पहिल्यांदा भराभर चालले. मग हळू झाले. सगळीकडं एकसारखा गाळ, वाळून भेगाळलेला, एकेका भेगेत हात जावा असा. शिंपले, खेकड्यांची कवचं, जाळ्याचे तुकडे. चिंच कुठंच नव्हती, रानातली जुनी विहीर नव्हती, बांध नव्हता. एवढ्या वर्षांच्या गाळानं सगळं सपाट करून टाकलं होतं. मामा एका जागी थांबले. "हे माझं."

बांधकरी म्हणाले, "ह्याट. हे माझं. तुझं तिकडं."

"तिकडं तुज्या बापाचं."

"बांध कोरला व्हता त्यो ह्याच अंगाला."

दोघंही काठ्या उचलून दाखवायला लागले आणि दाखवता दाखवता त्यांचे हात खाली आले. काही दाखवण्यासारखंच नव्हतं. बांधकरी गाळात काठी खुपसून बघत होते, ती नुसती आत जात होती. मामा म्हणाले, "राहू दे. भांडायला बांध तर पायजे."

मग दोघांनी मिळून एकच कोप केली. पाच पांडवांना दगड शोधले, त्या गाळात खडासुद्धा मिळेना. शेवटी आत्यांनी वाळलेली ढेकळं मांडली आणि त्यांनाच चुन्याची बोटं लावली. आम्ही जेवलो. बांधकऱ्यांनी आपल्या पानातला उंडा मामांच्या पानात ठेवला, मामांनी तो गुपचूप खाल्ला.

आंबील शिंपडायची वेळ आली. मामा बिंदगी घेऊन उभे राहिले. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मला म्हणाले, "सूनबाई, कुठून कुठं शिंपू?"

मामा खाली बसले आणि सगळं आंबील एका भेगेत ओतलं. सावकाश, लेकराला पाजावं तसं. जमिनीनं ते कधी पिऊन टाकलं तेही दिसलं नाही, भेगेच्या कडा तेवढ्या काळ्या झाल्या आणि आमच्या देखत वाळल्या. मामांनी त्या भेगेवर हात ठेवला. मग म्हणाले, "लई तान लागली हिला. पानी पायजे."

परत भिंतीवर चढताना ते दोनदा थांबले. वर आल्यावर मला विचारलं, "टँकर कवा येतो आज?"

मी म्हणाले, "दिवस कलला की."

त्यांनी माझ्या डोक्यावरची रिकामी बिंदगी काढून घेतली. म्हणाले, "जा तू. म्या थांबतो रांगेत." त्या दिवशी टँकर फार उशिरा आला. बायकांच्या रांगेत मामा एकटेच गडी, बिंदगी पोटाशी धरून उभे होते. टोमणे मारणारी म्हातारीच म्हणाली, "मामा, पुढं या, तुमचं भरून घ्या." मामांनी नको म्हणून मान हलवली आणि ते आपल्या जागेवर, सगळ्यांच्या मागं उभे राहिले.