छत्र्यांमधली बंदूक

नोकरीचा पहिला दिवस. उन्हाची छत्री कचेरीतल्या स्टँडमध्ये ठेवायला गेले, तर शेजारच्या खाचेत बंदूक! मी किंचाळलेच. हेडक्लार्क गोविंदराव, आईचे मामेभाऊ म्हणजे माझे मामा, मान वर न करता म्हणाले, "अगं, ती इथली जुनी. नवी तू!"

तंजावरजवळच्या आमच्या तालुका कचेरीत किस्से असे कोपऱ्याकोपऱ्यात साठतात. त्यात बंदुकांच्या लायसन्सचं काम माझ्याकडे. मी तर अंगणात नारळ पडला तरी दचकणारी!

*

"भरलेली आहे का हो ती?" मी शिपाई मुरुगेसनला विचारलं.

त्यानं नळीवर ओला टॉवेल वाळत घातला. "इतक्या वर्षांत उडाली नाही, अम्मा."

"म्हणजे रिकामी?"

"म्हणजे उडाली नाही."

*

तिरुवैयारूचे एक आजोबा, आपल्यातलेच तंजावरी मराठी, लायसन्स रिन्यू करायला आले. मी विचारलं, "आजोबा, बंदूक कुलपात ठेवता ना?"

"कुलूप कशाला? देवघरात आहे. सोवळ्याशिवाय कोण शिवतंय?"

"आणि चोर आला तर?"

"त्यानं आंघोळ करून यावं!"

*

तपासणीचा दिवस. एक जमीनदार तेल लावून चकचकीत केलेली बंदूक दाखवून गेले. मग दुसरे आले, मग तिसरे. प्रत्येकाच्या बंदुकीच्या दस्त्यावर त्याच जागी टवका उडालेला! तहसीलदारसाहेब पाहत होते आणि सह्या करत होते.

मी कुजबुजले, "मामा, तिघांची बंदूक एकच आहे!"

"शू! गावात हीच एक दाखवण्यासारखी. बाकीच्या शेतात वटवाघळं हाकताहेत. तुला पाहायला आले तेव्हा हातातल्या पाटल्या कुणाच्या होत्या गं?"

शेजारच्या काकूंच्या.

*

मग नवा कायदा आला. तहसीलदारसाहेबांनी सगळ्यांना उभं करून तो इंग्रजीत वाचून दाखवला. "आता प्रत्येक बंदुकीवर कडक नजर!"

मी भीत भीत विचारलं, "सर, जुन्या कायद्यात काय होतं?"

"तेच होतं. पण ते जुनं झालं होतं ना!"

निघताना साहेबांनी छत्री उपसली, तशी बंदूक कलंडली. त्यांनी स्वतःच्या हातानं ती सरळ केली आणि ओरडले, "मुरुगेसा, छत्र्या नीट ठेवत जा!"

*

परवा साहेबांची चिमुरडी नात कचेरीत आली. छत्र्यांच्या मुठी ओढता ओढता तिचा हात नेमका त्या खाचेकडे गेला. मी झडप घालून तिला उचललं, मांडीवर घट्ट धरलं आणि पोलीस ठाण्याला फोन लावला.

"किती घाबरट पोर!" साहेब हसले. नातीला नव्हे, मला!

घंटा वाजतेय, वाजतेय. कुणी उचलेना. मी पुन्हा लावला.

मामा कॉफी फुंकत म्हणाले, "ठाण्यात फोन असावा, असा नियम आहे. तो उचलावा, असा नवा कायदा यायचाय!"

पोर मांडीवरून सुटायला धडपडत होती. मी तिसऱ्यांदा लावला. आणि एकदाचा कुणीतरी उचलला!

"सर, आमच्या कचेरीत एक बेवारशी बंदूक आहे," मी एका दमात सांगितलं. "छत्र्यांच्या स्टँडमध्ये."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "पट्ट्याला पितळी बक्कल आहे का, अम्मा?"

"आहे."

"अय्यो, आमचीच ती! मागच्या इलेक्शनच्या बंदोबस्तापासून शोधतोय. आमच्या इन्स्पेक्टरना बोलू नका हं." मग आवाज आणखी खाली आला. "आणि अम्मा, कुणाला हात लावू देऊ नका. भरलेली आहे."